एकशे तेरा मीटर

एप्पो दोर्नबॉस पंधराव्या वर्षी गुडघ्यांवर बसला तो त्रेसष्टाव्या वर्षी उठला. मधली अठ्ठेचाळीस वर्षं त्याने रस्ते केले. डांबराचे नव्हे, विटांचे. वाळू ओढून सपाट करायची आणि एकेक वीट हातोड्याने बसवत गुडघ्यांवर पुढे सरकायचं. दिवसाला साठ चौरस मीटर. नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेनच्या पूर्वेला ज्या गावांत तो हिंडला, तिथल्या गल्ल्या अजून त्याच्या विटांवर उभ्या आहेत. हे तो स्वतः कधी सांगत नाही. एखादी वीट खचलेली दिसली की तेवढं विचारतो, "ही कोणी बसवली?"

उठला तेव्हा गुडघे संपले होते. उजवा दोनदा कापून झाला, डाव्यात आता कापण्यासारखंही काही नाही असं सर्जनने सांगितलं. सायकल सुटली. हातात काठी आली. गाडी तेवढी तो अजून चालवी.

दोन वर्षांपूर्वी त्याच्या बायकोला, वुबिनाला, अर्धांगाचा झटका आला. वाचा गेली, उजवं अंग गेलं. अकरा किलोमीटरवरच्या शहरात, कालव्याकाठच्या शुश्रूषागृहात तिला ठेवलं. तिथल्या मुली कामाला चांगल्या होत्या, पण त्यांचा चमचा जवळ आला की वुबिना ओठ घट्ट मिटून घ्यायची. एप्पोने भरवलं की खायची. कुस्करलेला बटाटा, गाजर, शेवटी ताकातली पेज. चाळीस मिनिटं लागत. म्हणून रोज बाराच्या आत त्याला तिथे पोचायचं असे.

दाराशी गाडी लावायला दोनच जागा होत्या, त्या अपंगांच्या. इतरांचं वाहनतळ पुलापलीकडे, दोनशे चाळीस मीटरवर. तेवढ्याला एप्पोला पंचवीस मिनिटं लागत. जानेवारीत एकदा बर्फामुळे चाळीस लागली. तो पोचला तोवर ताटं उचलली होती आणि वुबिना उपाशी झोपली होती.

सरकारी टॅक्सी त्याने महिनाभर करून पाहिली. ती कधी अकराला येई, कधी साडेबाराला. लेक रेन्स्के राहायची दूर, तिला शनिवारीच येता यायचं. तिनेच म्हटलं, "बाबा, अपंगांचं पार्किंग कार्ड काढू या. दोन गुडघे दाखवले की काम होईल."

आधी ते नगरपालिकेच्या खिडकीवर गेले. तिथल्या बाईने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तुमच्या पत्नीला तर कार्ड लगेच मिळेल."

"झालं की मग," रेन्स्के म्हणाली.

"फक्त त्या स्वतः गाडीत असतील तेव्हाच ते चालेल."

"ती गाडीत असती," एप्पो म्हणाला, "तर मी तिकडे कशाला गेलो असतो?"

बाईला हसू आलं, पण नियम तोच राहिला. एप्पोला स्वतःच्या नावाने अर्ज करायचा होता. काठी घेऊनही न थांबता शंभर मीटरच्या पुढे चालता येत नसेल तर कार्ड, नाहीतर नाही.

घरी रेन्स्केने संगणकावर अर्ज उघडला. "किती मीटर चालता येतं? पन्नास लिहिते."

"कोणी मोजलं?"

"अहो, अंदाजे."

"अंदाजाने रस्ता होत नाही."

"रस्ता नाही करायचाय, बाबा. अर्ज भरायचाय."

"तो रकाना मोकळा ठेव. मी मोजून सांगतो."

दुसऱ्या दिवसापासून तो रोज सकाळी आठला फाटकातून निघे. रस्त्याच्या कडेची ओळ विटा टोकाला टोक लावून केलेली होती. एक वीट वीस सेंटिमीटर, पाच विटांचा मीटर. तो मोजत चाले. पाय पुढे जाईनासा झाला की तिथल्या लांबलचक बुटक्या भिंतीवर बसे आणि वहीत आकडा लिही. चौदा दिवस, चौदा आकडे. सगळ्यात कमी एकशे चार, सगळ्यात जास्त एकशे एकवीस. सरासरी एकशे तेरा.

शेजारचा ल्यूर्त वीस वर्षं त्याच्या हाताखाली विटा वाहायचा. तो खिडकीतून बघत असे. तिसऱ्या दिवशी त्याने खिडकी उघडली.

"काय रे, तू माझ्या कुंपणाला टेकू देतोयस की कुंपण तुला?"

"वाकडं लावलंयस. सरळ करतोय."

"रोज? कालही याच वेळेला सरळ केलंस."

एप्पो पुढे निघाला. त्याच्या ओठांवर आकडा चालू होता.

एप्रिलमध्ये तपासणी झाली. डॉक्टरीणबाई, फान आसेन, तरुण होत्या, घाईत नव्हत्या. त्यांनी गुडघे वाकवून पाहिले, जिथे वाकेनात तिथे सोडून दिले. मग लेखणी हातात घेतली.

"मेनेर दोर्नबॉस, न थांबता किती चालता? शंभरच्या आतच असेल ना?"

रेन्स्केने होकाराची मान डोलावली. एप्पोने वही काढून टेबलावर ठेवली.

"एकशे तेरा. सरासरी आहे. रोजचे आकडे आत लिहिलेत."

डॉक्टरीणबाईंनी पानं उलटली, लेखणी खाली ठेवली. "हे न थांबता?"

"न थांबता."

"नक्की? विचार करून सांगा."

"मोजलंय," एप्पो म्हणाला.

बाहेर गाडीत बसून रेन्स्केने पट्टा लावला. मग म्हणाली, "त्या तुम्हाला दार उघडून देत होत्या, बाबा. तुम्ही आतून कडी लावलीत."

"खोटा आकडा देऊ?"

"नका देऊ. पण तेरा मीटर! तेरा मीटरांपायी!"

"गुडघे बघितलेत तिने. कामाची माणसं बघून ओळखतात."

त्याच्या कामात तसंच असे. मुकादम यायचा, रस्त्यावरून नजर फिरवायचा, काही विचारायचा नाही. तसाच आपलाही निकाल लागेल असं एप्पोने धरलं होतं. मे महिन्यात पत्र आलं. गुडघ्यांची हानी गंभीर आहे हे त्यात मान्य केलं होतं. खाली लिहिलं होतं, अर्जदाराच्या स्वतःच्या काटेकोर नोंदींनुसार तो न थांबता शंभर मीटरहून अधिक चालतो, सबब अर्ज नामंजूर.

त्या शनिवारी रेन्स्के म्हणाली, "चला, मला दाखवा कसं मोजलंत." ती त्याच्या बरोबर निघाली. पस्तीस मीटरवर विजेची पेटी होती. एप्पोने तिच्यावर हात ठेवला, डोळे मिटले, बराच वेळ तसाच राहिला. मग चालू लागला. सत्तरच्या पुढे ल्यूर्तचं कुंपण. तिथे तसंच. पुढे एक बर्च होता, तिथे तर त्याने कपाळच झाडाला लावलं.

रेन्स्के रस्त्याच्या मधोमध उभी राहिली. "बाबा, हे काय केलंत आत्ता?"

"काय?"

"तीनदा थांबलात!"

"थांबलो कुठे? बसलो का मी?"

"उभे होतात! दोन-दोन मिनिटं!"

"पाठ सरळ केली. त्याला थांबणं नाही म्हणत."

त्याच्या हाताखाली शिकलेल्या सगळ्यांना हे ठाऊक होतं. कॉफीला बसलास तर थांबलास. मध्ये हातोडा धरून उभं राहून श्वास घेतला तर तो कामातच धरायचा. अठ्ठेचाळीस वर्षं एप्पोने दुसऱ्यांचं थांबणं असंच मोजलं होतं, आणि स्वतःचंही.

"पस्तीस!" रेन्स्के म्हणाली. "तुम्ही पस्तीस मीटर चालता, बाबा!" ती रडत होती की हसत होती ते त्याला कळलं नाही.

तिने फेरविचाराचा अर्ज केला. सुनावणीची तारीख सप्टेंबरची मिळाली.

जुलैत एप्पो पुलाच्या उतारावर पडला. डावा गुडघा भोपळ्याएवढा सुजला. सात आठवडे घराबाहेर पडायचं नाही असं ठरलं. तो रोज बाराला शुश्रूषागृहात फोन करायचा. पहिले तीन दिवस उत्तर एकच होतं, काही खाल्लं नाही. चौथ्या दिवशी इल्से नावाची मुलगी म्हणाली, थोडी पेज गेली. पुढे त्याने रोजचा फोन बंद केला.

सुनावणीला टेबलामागे तिघं होते. रेन्स्केने सगळं नीट सांगितलं. पेटी, कुंपण, झाड. अध्यक्षांनी चष्मा सारखा केला.

"मेनेर दोर्नबॉस, एप्रिलमध्ये तुम्ही म्हणालात, न थांबता. आता मुलगी म्हणते, तीनदा थांबता. खरं कोणतं?"

"दोन्ही."

"दोन्ही कसं? मग वहीत ते थांबे का नाहीत?"

"कारण ते थांबे नाहीत."

"बाबा," रेन्स्के दबक्या आवाजात म्हणाली.

"मग तुम्ही डॉक्टरांना चुकीची माहिती दिली, असं लिहून घेऊ का?"

एप्पोने तिघांकडे पाहिलं. हो म्हटलं असतं तर कदाचित काही झालं असतं. रेन्स्के त्याच्या बाहीला हात लावून होती.

"मी आयुष्यात चुकीचं माप दिलेलं नाही," तो म्हणाला.

ऑक्टोबरात दुसरं पत्र आलं. पहिलाच निर्णय कायम. कोर्टात जाता येईल, असं तळाशी होतं. रेन्स्केने विचारलं. एप्पो म्हणाला, "तिथे तरी वेगळं काय सांगू?" तिनेही मग आग्रह केला नाही.

पुलावरून चालत जाणं आता एप्पोला जमत नव्हतं, म्हणून त्या शनिवारी तिने त्याला दाराशी सोडलं आणि गाडी लावायला पुलापलीकडे गेली. वुबिना खिडकीशी चाकाच्या खुर्चीत होती. केस कापले होते. इल्से वाडगा घेऊन आली. बटाटा, भाजी, मांस सगळं एकत्र दळलेलं.

"आता छान खातात हो आजी," ती म्हणाली. "कोणाच्याही हातून. दहा मिनिटांत वाडगा रिकामा."

"दे इकडे."

त्याने चमचा पुढे केला. वुबिनाने तोंड उघडलं. ती त्याच्याकडे बघत नव्हती, समोर बघत होती. त्याने चार घास दिले. मधे तिची हनुवटी पुसायला त्याने चमचा खाली ठेवला, तेवढ्यात इल्सेने तो उचलून पाचवा घास दिला. वुबिनाने तसंच तोंड उघडलं.

"तुम्ही बसा, मेनेर. मी देते."

एप्पो मागे टेकला. वाडगा संपायला खरंच दहा मिनिटंही लागली नाहीत. इल्सेने वुबिनाच्या गळ्यातला रुमाल काढला, खुर्ची वळवली आणि दारापाशी जाऊन जेवणाच्या नोंदींच्या फलकाजवळ उभी राहिली.

"आता शनिवारीच येणार ना तुम्ही? म्हणजे इतर दिवशी जेवण आम्हीच देऊ, तसं कायमचं लिहून टाकते."

एप्पोने वुबिनाच्या मांडीवरची चादर सारखी केली. ती सारखीच होती.

"लिही," तो म्हणाला.