दिघ्यांचं मावंदं

'मावंदं' हा शब्द आता विस्मृतीत गेला आहे, म्हणून आधी तो सांगते. काशीयात्रेहून परतलेला माणूस घरी गंगापूजन करी आणि आप्तेष्टांना जेवू घाली. त्या जेवणाला मावंदं म्हणत. ते झाल्याखेरीज यात्रा पुरी झाली, असं कोणी मानत नसे.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस आमच्या शारजाच्या मराठी मंडळींत हा शब्द पुन्हा अवतरला, पण काशीऐवजी युरोपच्या निमित्ताने. उन्हाळी सुटीत जो युरोपला जाऊन येई, त्याने एखाद्या शुक्रवारी सगळ्यांना जेवायला बोलवायचं आणि प्रवासाची व्हिडिओ कॅसेट दाखवायची, असा रिवाज पडला. त्याला मावंदं हे नाव दिलं सबनीसांनी. सबनीस फुजैराच्या बंदरात जहाजांना तेल पुरवणाऱ्या कंपनीत होते आणि शुक्रवारी डोंगर ओलांडून केवळ टवाळीसाठी येत.

इथे खिडकीच्या चौकटीवर धूळ आणि मंडळींत किस्से, दोन्ही सारख्याच वेगाने साचतात. धूळ निदान पुसता येते. दिघ्यांच्या मावंद्याचे किस्से तर इतक्या तोंडांतून फिरले आहेत की मूळ पाठ कोणता, हे आता कोणीतरी ठरवायलाच हवं. मी त्या दिवशी टीव्हीच्या अगदी समोर बसले होते.

*

मोहन दिघे एका बांधकाम कंपनीत खरेदीविभागाचे मॅनेजर. त्यांची बायको नलिनी आणि मी एकाच शाळेत शिकवत होतो. ती इतिहास, मी संस्कृत.

नलिनी दर वर्षी फळ्यावर खडूने फ्लॉरेन्सच्या कॅथीड्रलचा घुमट काढी आणि मुलांना विचारी, "खालून आधाराचा सांगाडा न उभारता एवढा घुमट बांधला. मग बांधताना तो कोसळला कसा नाही?" मुलं सांगत, "मिस, क्रेन." फळ्याबाहेर तो घुमट तिने कधी पाहिलेला नव्हता.

लग्नाला पंचवीस वर्षं झाली म्हणून दिघ्यांनी युरोपची टूर ठरवली, तेव्हा ती एवढंच म्हणाली, "अहो, बाकीची शहरं तुम्ही ठरवा. मला फक्त तो घुमट आतून पाहू द्या. खाली उभं राहून, मान वर करून."

"डन," दिघे म्हणाले.

माल पुरवणाऱ्यांनाही ते हेच म्हणत, आणि ते ऐकून पुरवठादार चिंतेत पडत.

*

मावंद्याला मसालेभात झाला, श्रीखंड झालं. सबनीस हात पुसत म्हणाले, "यल्ला, चला दिघेसाहेब, आता गंगा सोडा."

पहिलं रोम. पडद्यावर कलोसियम, आणि त्यामागून दिघ्यांचा आवाज: "मेंटेनन्स झीरो. आपल्याकडे इमारत जरा जुनी दिसायला लागली की पाडून नवी उभी करतात. इथे कोणाला पडलेलीच नाही."

"साहेब, कोटेशन दिलंत की नाही?" सबनीसांनी विचारलं.

"देणार होतो. भेटायला कोणी जागेवर नव्हतं."

हे दिघे विनोदाने म्हणाले की मनापासून, याचा निर्णय मंडळींत अद्याप झालेला नाही. बसमध्ये चढताना मात्र कॅसेटवर त्यांचा आवाज स्वच्छ ऐकू येतो: "रोम खलास." एवढं मोठं साम्राज्य दोन शब्दांत संपवणं रानटी टोळ्यांनाही साधलं नव्हतं.

*

व्हेनिसला नलिनीने कालव्यातल्या नावेत बसायची इच्छा व्यक्त केली. दिघ्यांनी नाव न्याहाळली, नावाडी न्याहाळला आणि निर्णय दिला, "ही आपली अब्राच आहे गं. दुबईच्या खाडीवर ऑफिसला जाणारे लोक रोज बसतात. फरक एवढाच की इथला माणूस गातो."

"मग बसलात का नाही?" मी विचारलं.

"कशाला? परत आल्यावर बसलो की अब्रात. नलूला घेऊन गेलो होतो मुद्दाम."

"आणि गाणं?"

"ते सबनीसांनी म्हटलं."

सबनीसांनी मान लववली. नलिनी टेबल आवरत होती. ती म्हणाली, "आणि तेही बेसूर."

*

प्रागच्या चौकात एक जुनं घड्याळ आहे. तास पडला की त्यातून बाहुल्यांची मिरवणूक निघते. ती पाहायला सगळा चौक माना वर करून उभा असतो. दिघ्यांच्या कॅसेटमध्ये त्या चौकातली एकच व्यक्ती घड्याळाकडे पाठ करून उभी आहे. ती नलिनी.

"हात हलव," दिघ्यांचा आवाज. नलिनी हात हलवते. मागे बाहुल्या येतात आणि जातात.

त्यांची मुलगी केतकी कॉलेजात होती, जमिनीवर बसून पाहत होती. ती मागे न वळता म्हणाली, "डॅड, व्हाय इज ममा नेव्हर लुकिंग ॲट एनीथिंग?"

खरंच होतं. कलोसियमपुढे, पुलापुढे, राजवाड्यांपुढे नलिनी होती, आणि सगळीकडे तिचं तोंड कॅमेऱ्याकडे होतं.

"अगं, ती तिथे होती हे लोकांना कळायला नको?" दिघे म्हणाले.

"वहिनी," सबनीस म्हणाले, "म्हणजे तुम्ही युरोप पाहिलाच नाहीत. युरोपने तुम्हाला पाहिलं."

सगळे हसले. नलिनी बोटातली पोवळ्याची अंगठी फिरवत बसली होती. ती म्हणाली, "फ्लॉरेन्स यायचंय अजून."

*

फ्लॉरेन्सला पडद्यावर आधी टूर लीडर येतो. "सिर्फ फोटो स्टॉप है. अंदर जाने का टाइम नहीं. बस रुकेगी नहीं, आगे पिसा जाना है."

मग लाल घुमट आणि त्यापुढे नलिनी.

"नलू, जरा डावीकडे. घुमट झाकला जातोय तुझ्याने. हं, आता हस."

नलिनी हसली नाही. ती वळली आणि चौकटीबाहेर निघून गेली.

पुढे बराच वेळ फरसबंदी धावते, लोकांचे बूट धावतात, दिघ्यांची धाप ऐकू येते. "नलू, बस... अगं, लोक थांबलेत." मग दाराची सावली, मग संगमरवरी जमीन, मग वर पाहणारी नलिनी.

"ठीक आहे, आलोय तर इथे उभी राहा. बॅकग्राउंड छान आहे. इकडे बघ."

आणि पडदा काळा झाला.

"साहेब, झाकण," सबनीस ओरडले. "लेन्सचं झाकण राहिलं." हसून हसून कोणाला ठसका लागला.

चित्र नव्हतं, पण आवाज चालू होता. अंधारातून नलिनीचा आवाज आला, तोच वर्गातला. "अहो, वर बघा."

मग पावलांचे आवाज. कोणाचं तरी खोकणं. मग पुष्कळ वेळ काहीच नाही.

"डॅड, फास्ट फॉरवर्ड," केतकी म्हणाली.

रिमोट दिघ्यांच्याच हातात होता. "थांब," ते म्हणाले.

अंधारात शेवटी त्यांचाच आवाज आला, जरा बारीक. "खालून सांगाडा नव्हता म्हणतेस?"

"नव्हता."

"मग बांधताना पडला कसा नाही?"

बाहेर कुठेतरी बसचा भोंगा वाजला, पुन्हा वाजला, मग वाजायचा थांबला. नलिनी समजावून सांगत होती. पुढचं चित्र आलं ते आगगाडीच्या खिडकीतलं. दिघ्यांच्या मावंद्यात पिसाचा मनोरा नव्हता.

हा किस्सा शारजापासून अल ऐनपर्यंत आजही असा सांगतात की, दिघे झाकण काढायला विसरले आणि फ्लॉरेन्स काळंकुट्ट घेऊन आले. हा पाठ अशुद्ध आहे. झाकण चौकापासून उघडंच होतं, दोरीला लोंबकळत होतं. पडदा काळा होण्याआधी निमिषभर त्यावर एक हात येतो, आणि त्याच्या बोटात पोवळ्याची अंगठी आहे.

दिघे अंगठी घालत नाहीत.