खालच्या कोपऱ्यातली तारीख

आधीच सांगून टाकते, भांडणात माझा मुद्दा बरोबर होता. आजही बरोबर आहे, आणि कुणाला परत भांडायचं असेल तर मी तयार आहे. पण ज्या सकाळी मी जिंकले म्हणून अख्ख्या ग्रुपला फोटो पाठवला, त्या सकाळी मी साफ चुकले होते. दोन्ही खरं आहे.

मी चाकणला एका छोट्या कंपनीत क्वालिटीला आहे. डिप्लोमाचा रिझल्ट लागला आणि पंधरा दिवसांत जॉइन झाले. गाड्यांना लागणारे लोखंडी ब्रॅकेट आम्ही बनवतो आणि एका मोठ्या कंपनीला देतो. पत्र्याच्या शेडमध्ये प्रेस धाडधाड चालू असतात, आणि एका कोपऱ्यात काचेची एसीवाली खोली आहे. तिच्यात मोजायचं मशीन. सगळे त्याला सीएमएम म्हणतात. मोठं काळं दगडी टेबल, त्यावर एक दांडा, दांड्याच्या टोकाला एक काडी आणि काडीच्या टोकाला ज्वारीच्या दाण्याएवढा लाल मणी. तो मणी पार्टला हळूच टेकतो आणि शेजारचा कॉम्प्युटर सांगतो, भोक कुठं आहे, किती आहे, केसाएवढं तरी सरकलंय का.

मशीन काकांचं. म्हणजे कंपनीचंच, पण काकांचं. राजगुरुनगरच्या पुढच्या गावातले काका, मशीन आलं त्या दिवसापासून तेच चालवतात. चपला दाराबाहेर काढून आत येतात. गुडघा दुखतो म्हणून स्टुलावर बसून काम करतात, पण हात असा हलका की मणी टेकला हे स्क्रीनवर बघूनच कळतं.

आता कॉम्प्युटर. त्याच्यावर सिस्टीम कुठली, तर जुनीपुराणी सेव्हन! ती बनवणाऱ्या कंपनीनं कधीच हात झटकलेत, पण मशीनचं सॉफ्टवेअर त्याच्यावरच चालतं. वर कहर म्हणजे मोठ्या कंपनीचं पोर्टल. माल निघायच्या आधी मोजणीचा रिपोर्ट पोर्टलवर चढवायचा, मग गेटपासचा नंबर येतो, मग टेम्पो सुटतो. आणि ते पोर्टल इतकं जुनं की सेव्हनसोबत फुकट आलेल्या ब्राउझरमध्येच नीट उघडायचं. आमच्याकडे त्याला निळा ई म्हणतात. माल रवाना करणाऱ्या डिस्पॅचच्या नव्या कॉम्प्युटरवर उघडलं की रिपोर्ट चढवायचं बटणच गायब.

मला हे बघवायचं नाही. अख्ख्या जगानं टाकून दिलेला ब्राउझर, रोज नेटला जोडलेला, आणि त्याच कॉम्प्युटरवर आमची सगळी ड्रॉइंग! मी काकांना पहिल्याच आठवड्यात सांगितलं, "काका, हे म्हणजे दार उघडं टाकून झोपायचं." काका म्हणाले, "व्हय. पर चालतंय ना?"

काकांशी भांडता येत नाही, म्हणून मी ग्रुपवर भांडायचे. आमच्या पट्ट्यातल्या मेंटेनन्स-क्वालिटीवाल्यांचा एक मोठा ग्रुप आहे फोनवर. रहाटणीतून कंपनीची बस सुटली की मी अंगठे चालवायला घ्यायचे, आणि चाकणच्या ट्रॅफिकमध्ये बस अडकली की अजूनच जोरात. एक दिवस लिहिलं, "ज्यांच्याकडे अजून सेव्हन आणि निळा ई नेटला जोडलेत, त्यांनी कंपनीच्या गेटला कुलूप तरी कशाला लावायचं?" धडाधड हसण्याच्या स्मायल्या आल्या. एकानं लिहिलं, "आमच्याकडे तर एक्सपी आहे भावा, आम्ही गेटच काढून टाकतो."

आणि मग तो आला. प्रोफाइलला ग्रीसनं माखलेल्या बेअरिंगचा फोटो. मी मनात त्याला बेअरिंगवाला म्हणायचे. माझ्या दहा ओळींना त्याची एक ओळ.

"मशीनचं सॉफ्टवेअर नव्यावर चालतं का, विचारलं का भावा?"

ग्रुपवर सगळेच एकमेकांना भावा म्हणतात. मी मुलगी आहे हे सांगायच्या भानगडीत पडले नाही.

"नसेल चालत तर मशीन बदला."

"मशीन काय तुझे वडील घेऊन देणार?"

"माझे वडील पिंपरीत लेथवर टर्नर होते. त्यांच्या डोळ्यांसमोर तीनदा लेथ बदलली. बदलतात लोक."

"लेथ बदलली. टर्नर राहिला का?"

वडिलांना तिसऱ्या लेथच्या वेळी खरंच घरी बसवलं होतं. मी एक जांभई देणारी स्मायली टाकली आणि फोन पर्समध्ये ठेवला. पण दुसऱ्या दिवशी परत सुरू! दोन महिने चाललं हे. लिंका, स्क्रीनशॉट, टोमणे. मी ठरवूनच टाकलं होतं, हा माणूस एकदा तरी "बरोबर आहे तुझं" म्हणाला पाहिजे.

मग आली खंडेनवमी. आमच्या पट्ट्यात त्या दिवशी सगळी मशीनं बंद. सकाळी सगळं पुसायचं, झेंडूच्या माळा, प्रेसला हळदीकुंकू, नारळ, पेढे, आणि मेन स्विच खाली. दुसऱ्या दिवशी दसऱ्याची सुट्टी. सीएमएमच्या काळ्या दगडाला मात्र काका हळद लावू देत नाहीत, डाग पडला तर मोजणी गेली. ते एका पिवळ्या चिकटकागदावर बोटानं हळदीकुंकू लावतात आणि तो कागद मशीनच्या अंगाला चिकटवतात. आणि कॉम्प्युटर ते कधीच बंद करत नाहीत. पूजेलासुद्धा नाही. त्याला वेगळा इन्व्हर्टर दिलेला.

मी म्हटलं, "काका, आज सगळ्यांना सुट्टी आणि ह्याला नाही? पाप लागेल हां."

"त्याला झोपवायचं न्हाई. उठायला तरास देतो."

"कॉम्प्युटर आहे तो, म्हातारा माणूस नाही," असं म्हणत मी सरळ शटडाउन केलं, पाठीमागची पिन काढली आणि वायरला झेंडूचं एक फूल अडकवलं. सगळे हसले. काकाही हसले, पण पिनकडे बघत राहिले.

दसऱ्यानंतरच्या सकाळी काका माझ्या आधी आले होते. पिन लावून माझी वाट बघत होते. मी बटण दाबलं. बीप वाजलं, काळ्या पडद्यावर दोन-तीन ओळी आल्या, खाली लिहिलेलं की पुढे जायला एफ-वन दाबा. मी दाबलं.

"अगं, वरती कायतरी लिवलंवतं. वाच की."

"नेहमीचंच असतं काका."

नेहमीचं नव्हतं. मशीनचं सॉफ्टवेअर उघडेना, लायसन चालत नाही म्हणे. निळा ई उघडला, तर पोर्टलच्या जागी लाल ढाल, या साइटच्या सर्टिफिकेटमध्ये गडबड आहे. दुसरी साइट उघडली, तीच ढाल. तिसरी, तीच. आणि मला काय झालं सांगू? आनंद झाला! खरंच, उकळ्या फुटल्या. मी स्क्रीनचा फोटो काढला, ढाल मोठी दिसावी म्हणून कडा कापल्या आणि ग्रुपवर टाकला. "घ्या. निळा ई आज आमच्याकडे अधिकृतपणे वारला. विषय संपला."

तशीच उड्या मारत साहेबांच्या केबिनमध्ये गेले. "साहेब, जुना कॉम्प्युटर गेला. मी म्हणतच होते." मला वाटलं, साहेब नवा मागवतील. साहेबांनी घड्याळ बघितलं. दोनला टेम्पो निघायचा होता. ते उठून काचेच्या खोलीत आले, ढाल बघितली, आणि म्हणाले, "बरं झालं, एकदाचा निकाल लागला. भोसरीच्या लॅबवाला कधीचा मागे लागलाय. पार्ट त्याच्याकडे पाठवू, मोजणार तो, पोर्टलवर चढवणारही तोच. हे मशीन काढून टाकू, खोलीत माल राहील."

"आणि काका?" मी विचारलं.

"काकांना पॅकिंगला घेऊ की. काय काका?"

"बरं साहेब," काका म्हणाले.

साहेब तिथूनच लॅबला फोन लावत बाहेर गेले. काकांनी लाल मण्याची काडी दांड्यातून सोडवली, मलमलच्या फडक्यानं पुसली, डबीत ठेवली. डबीचं झाकण लावताना मला विचारलं, "पॅकिंगला दिसभर उभंच ऱ्हावं लागतं का गं?"

लेथ बदलली, टर्नर राहिला का. मला एकदम तेच आठवलं.

तेवढ्यात फोन वाजला. ग्रुपवर माझ्या फोटोखाली बरीच पोरं नाचत होती, आणि त्यांच्याखाली बेअरिंगवाल्याची एक ओळ. "फोटोत खालचा उजवा कोपरा कापलाय. तिथे तारीख काय दिसते?"

मी टाइप केलं, तारखेचा काय संबंध. पाठवणार होते. मग पाठवायच्या आधी एकदा बघितलं.

एक जानेवारी दोन हजार नऊ.

आता हे सोपं आहे, म्हणून सांगते. कॉम्प्युटरच्या आत एक चपटा गोल सेल असतो. वीज नसताना तारीख तोच सांभाळतो. आमचा सेल कधीच मेलेला होता, पण काका कॉम्प्युटर बंदच करत नव्हते म्हणून कुणाला कळलं नाही. मी पिन काढली आणि कॉम्प्युटर एकदम दोन हजार नऊमध्ये जाऊन उभा राहिला. पोर्टलचं सर्टिफिकेट, म्हणजे साइट खरी असल्याचा दाखला, आत्ताचं, लायसन नंतरचं, त्याच्या हिशोबानं दोन्हीचा अजून जन्मच झाला नव्हता. काळ्या पडद्यावर तेच लिहिलं होतं, तारीख बघा म्हणून. मी एफ-वन दाबलं.

ग्रुपवर मी लिहिलं, "दोन हजार नऊ दाखवतंय." बस, एवढंच.

"सेल गेला. सीआर वीस-बत्तीस. तारीख आत्ता हातानं टाक, चालेल. पण सेल घातल्याशिवाय वीज तोडू नको."

मी काकांना म्हटलं, "काका, डबी उघडा." तारीख टाकली. सॉफ्टवेअर उघडलं! निळा ई उघडला, ढाल गेली, पोर्टल आलं! आनंद करायला वेळ नव्हता. मी धावत केबिनमध्ये.

"साहेब, मी चुकले. कॉम्प्युटर गेला नाही, त्यातला सेल गेलाय. आणि बंद मीच केला होता."

साहेब वैतागले. "अगं, लॅबवाल्याला हो म्हणालोय मी. आज चालेल, उद्या परत बसेल. मला रोजचा ताप नकोय."

"दोनच्या आत रिपोर्ट चढला तर लॅबला नाही म्हणाल?"

"चढवून दाखव आधी."

"मग तुमच्या गाडीची चावी द्या."

"कशाला?"

"त्यात तोच सेल असतो."

"आणि मी घरी कसा जाऊ?"

"चावी दारात घालून फिरवायची साहेब, पूर्वी फिरवायचे तशी."

साहेबांनी चावी टेबलावर सरकवली. मी कॉम्प्युटर उघडला. मेलेला सेल नखानं काढला, चावीतला बसवला, परत तारीख टाकली. काकांनी काडी जोडली. मी म्हटलं लवकर, लवकर! काका म्हणाले, "आदी गोळा." दगडावर एक पांढरा गोळा असतो, काडी काढून लावली की पहिला तो मोजायचा, तेव्हाच मशीनवर विश्वास ठेवायचा. त्यांनी तो शांतपणे मोजला. मग पार्ट. दीडला गेटपासचा नंबर आला. काकांनी तो तळहातावर पेनानं लिहिला, कागद असताना.

साहेबांनी फोन करून लॅबला नको म्हणून सांगितलं, पण मला म्हणाले, "महिनाभर बघतो."

त्या महिन्यात मी जेवढं टाइप केलं तेवढं आयुष्यात केलं नसेल. आधी ग्रुपवर लिहिलं, "माझी चूक झाली. सिस्टीम मेली नव्हती, मी तारीख वाचली नव्हती. फोटो कापला तोही मीच." त्याला माझ्या आधीच्या पोस्टच्या चौथाईएवढेही अंगठे आले नाहीत. मग बेअरिंगवाल्याला लिहिलं, "पण हा कॉम्प्युटर नेटवर ठेवणं चूकच आहे. यावर मी हटणार नाही." त्याची एक ओळ आली. "मग नेटवरून काढ. फेकायला कोण सांगतंय."

हे मला दोन महिन्यांत सुचलं नव्हतं! मी फक्त फेका म्हणत होते, आणि तो फक्त हात लावू नका म्हणत होता असं मला वाटत होतं. नव्या ब्राउझरमध्ये जुनं पोर्टल जुन्या पद्धतीनं उघडायची एक सोय असते, ती मी शोधली. तरी बटण दिसेना. त्यानं तीन दिवस एकेक ओळ लिहून मला सेटिंग सांगितली. चौथ्या दिवशी डिस्पॅचच्या कॉम्प्युटरवर बटण दिसलं. मी काकांच्या कॉम्प्युटरची नेटची वायर काढून, गुंडाळून साहेबांच्या टेबलावर ठेवली. आता काका मोजतात, रिपोर्ट पेन ड्राइव्हवर घेतात, मी डिस्पॅचला नेऊन चढवते. पेन ड्राइव्ह सुरक्षित की नाही यावर बेअरिंगवाल्याचं आणि माझं नवीन भांडण चालू आहे, आणि त्यात तो चुकतोय.

महिना संपला तरी साहेब लॅबबद्दल काही बोलले नाहीत. काकांसाठी पाठ टेकायची खुर्ची आली तेव्हा कळलं.

यंदाच्या खंडेनवमीला प्रेस बंद झाल्या, माळा लागल्या, पिवळ्या कागदावर हळदीकुंकू लागलं. मी कॉम्प्युटरकडे गेलेच नाही. काकांनी स्वतः शटडाउन केलं, पाठीमागे वाकून पिन काढली आणि माझ्याकडे हात केला. मी झेंडूचं फूल दिलं.

दसऱ्यानंतरच्या सकाळी बटण मी दाबलं. बीप. काळा पडदा. काकांनी माझा हात कीबोर्डवरून उचलून बाजूला ठेवला.

"थांब. वाच आदी."

आम्ही दोघं वाकून वाचत होतो. वाचण्यासारखं काही आलंच नाही. पडदा आपोआप पुढे सरकला. मी खालच्या कोपऱ्यात बघितलं. तारीख आजची होती.

"बरूबर हाय?"

"बरोबर आहे."

काका खुर्चीत बसले आणि त्यांनी गोळा लावला.