फरशीत नसलेली थंडी

आमच्या गल्लीतले सर कुणावरच विश्वास ठेवत नसत. दुधात पाणी, तराजूत झोल, बातमीत काळंबेरं, हे ते गृहीतच धरून चालत. विष्णुपुरीच्या कॉलेजात उष्णतेचा विषय शिकवून निवृत्त झालेल्या या माणसाला सगळे 'शंकासुर सर' म्हणत. मीही म्हणे, पण माझा त्यांच्यावर जीव होता.

आईला कंधारहून नांदेडला आणलं त्या हिवाळ्यात तिनं एकच धोशा लावला, "फरशी लई गार हाय, पाय बधीर होऊन राहिले. मला गावाकडं सोड." गावी तिला बघणारं कुणी उरलं नव्हतं, आणि पलंगावर ती झोपेना. फरशीवाला म्हणाला, सगळी खोली उकरून खाली ऊब अडवणारा फोम टाकू. मी सरांना विचारलं.

"ऊब आपोआप जात न्हाई, कोनीतरी चोरतंय," म्हणत ते आले. थर्मामीटरवर भरवसा नाही, म्हणून तो आधी बर्फात बुडवून तपासला. मग दुकानदारानं बर्फात मीठ तर घातलं नाही ना, अशी शंका. ते फरशीला गाल लावून आडवे झाले, तेव्हा आईनं मला आत बोलावून विचारलं, हा माणूस बरा आहे ना?

हिशेबात चोर सापडला. बाहेरच्या भिंतीलगतच्या कडेनं ऊब मातीत जात होती आणि आईचं अंथरूण नेमकं तिथंच. तेवढ्याच पट्टीखाली फोम घाला, मधली फरशी उन्हाळ्यात गारव्याला लागेल, असं त्यांनी बजावलं. काम होईस्तोवर फरशीवाल्यासमोर खुर्ची टाकून बसले. तरी आईचे पाय गारच.

सरांनी पुन्हा मोजलं. गणित चोख होतं. मग त्यांनी संशयानं आईकडंच पाहिलं.

"ताई, एवढी थंडी ह्या फरशीत न्हाई. खरं सांगा."

आईनं पाय पदराखाली ओढून घेतले. "तुम्ही सगळे कामाला जाता," ती माझ्याकडं बघून म्हणाली. "दिवसभर बोलायला कोनी नसतंय."

त्यानंतर मापं घ्यायच्या नावाखाली सर रोज दुपारी येऊ लागले. आई चहातली साखर मारते, हा त्यांचा आरोप. सर थर्मामीटर पिशवीतून काढतच नाहीत, हा तिचा. गावाचं नाव मात्र तिनं पुन्हा काढलं नाही.

गेल्या वर्षी सर गेले. त्यांच्या परदेशातल्या मुलाची वाट पाहत चार शेजारी त्यांच्या दारात उभे होते. आई आत जाऊन बसली, ती उठेचना. मी चल म्हटलं.

"थांब जरा," ती म्हणाली. "ते रोज आपल्याकडं यायचे. मी आज पहिल्यांदा आले त्यायच्याकडं बसायला."