काकांचा अडलेला फोटो

सोसायटीच्या स्मरणिकेसाठी आलेले सगळ्यांचे फोटो एका दमात लहान करायला माझ्या बायकोनं, मेधानं, छोटासा प्रोग्रॅम लिहिला होता. तो दर वेळी शेजारच्या कुलकर्णीकाकांच्या फोटोपाशी अडायचा. ‘फाईल उघडता येत नाही.’

“वगळ ना तो एक,” मी म्हणालो.

“तो एक म्हणजे काका आहेत,” ती फणकारली आणि तिनं काकांना फोन लावला.

काका ओशाळले. “नोटिशीत फक्त जेपीजी म्हटलं होतं ना? माझा फोटो दुसऱ्याच प्रकारचा होता. म्हणून फाईलच्या नावाचं शेपूट खोडून मीच जेपीजी लिहिलं.”

म्हणजे फोटो धडधाकट होता. नावावर विसंबून प्रोग्रॅम त्याला भलत्याच रीतीनं वाचू पाहत होता, एवढंच.

आपल्याला आत घ्यावं म्हणून माणसं अशी स्वतःवरची पाटी बदलतात. शहरात नवा आलो तेव्हा मीही माझी गावाकडची बोली खोडून टाकली होती. मग धड बोलताच येईना आणि लोक मला घुम्या म्हणायचे.

मेधानं शेपूट पूर्ववत केलं. पडद्यावर काका-काकू आले, शेगडीवर कणसं भाजताना, धुरानं डोळे मिटून हसणारे.

मी सोसायटीच्या ग्रुपवरची आमची जुनी नोटीस काढून टाकली आणि नवी लिहिली, “फोटो जसा असेल तसा पाठवा.”