सुकवंतीच्या डोक्यावरची पिसं

मंडळी, दुपारी शाळेतून आली तेव्हापासून घास गेला नाही, म्हणून इथं लिहून राह्यली.

मी बालाघाट जिल्ह्यात, बिरसाकडच्या एका शाळेत अकरा वर्षांपासून शिकवते. आज आमच्याकडे 'आपला भारत' कार्यक्रम होता. पोरी एकेका राज्याचा पोशाख घालून स्टेजवर येणार होत्या. आमच्या राज्यासाठी पाचवीतल्या सुकवंतीले मी 'आदिवासी' केलं. त्यासाठी बालाघाटहून पिसांचा मुकुट अन् पानांचा घागरा भाड्यानं आणला.

सुकवंती गोंड घरची. ती हळूच म्हणाली, "मॅडम, हमारे यहाँ ऐसा कोई नहीं पहनता."

मी म्हटलं, "फोटो के लिए पहन ले, बेटा."

तिनं घातलं. पाहुण्याईनं टाळ्या वाजवल्या. तेवढ्यात मागं बसलेली तिची आई उठून स्टेजपाशी आली. तिनं आवाज चढवला नाही.

"मॅडम, वोटर लिस्ट के टाइम आप हमारे घर आई थीं, चाय पी थी. हम लोग ऐसे दिखे थे क्या?"

तिनं मुकुट काढून टेबलावर ठेवला अन् पोरीले घेऊन गेली. मी काय केलं? माइकवर पंजाबचं नाव घेतलं.

पूर्ण देशाची राज्यं मले तोंडपाठ आहेत. गोंडीतलं एक वाक्य येत नाही, अन् कोणाले विचारावं असं कधी वाटलंही नाही.

आता तो फोटो शाळेच्या ग्रुपवर फिरून राह्यला. डिलीट करा म्हणायची माझी हिंमत झाली नाही. खरं सांगा, तुम्ही असते तर त्या मायलेकीच्या मागं गेले असते का?