मेर्तोलाच्या राजाला मी वाचवलं

माझे सासरे, आम्ही त्यांना मामा म्हणतो, फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झाले. काचबिंदूनं त्यांची नजर जवळजवळ गेली, तेव्हा आम्ही त्यांना गावाकडून साताऱ्याला आणलं. माझं माहेर सांगलीचं; मी घरबसल्या इंग्रजी पुस्तकांची भाषांतरं करते. गेल्या वर्षी मध्ययुगीन स्पेन-पोर्तुगालमधल्या छोट्या मुसलमानी राज्यांवरचं पुस्तक हातात होतं. दुपारी जेवणं झाली की झालेलं भाषांतर मी मामांना वाचून दाखवायचे.

त्यातलं मेर्तोला त्यांना फार आवडलं. नदीकाठच्या टेकडीवर किल्ला, भोवती थोडासा मुलूख, आणि सगळं राज्य जेमतेम काही वर्षांचं. फकिरी वृत्तीच्या एका माणसानं मूठभर शिष्य घेऊन तो किल्ला जिंकला होता.

"आपल्या अजिंक्यताऱ्याएवढा असंल का गं?" मामा विचारायचे. "आन् वर पाण्याचं काय करत व्हते?"

पुस्तकात ते दिलेलं नव्हतं. मामा मात्र त्या राजाला 'आपला गडी' म्हणायला लागले होते.

शेवटचं प्रकरण राहिलं असतानाच त्यांच्या छातीत दुखलं. अँजिओप्लास्टी झाली. मनाला लागेल असं काही त्यांच्या कानावर घालू नका, असं डॉक्टरांनी बजावलं. घरी आल्या आल्या त्यांनी विचारलं, "आपल्या गड्याचं काय झालं पुढं?"

पुढं त्यानं शेजारच्या ख्रिस्ती राजाशी हातमिळवणी केली आणि त्या रागानं स्वतःच्याच लोकांनी त्याला मारलं. कागद माझ्या हातातच होता. मी म्हणाले, "राज्य गेलं, मामा. पण तो वाचला. लांबच्या एका गावात शिष्यांना शिकवत म्हातारा झाला."

"बेस झालं," म्हणून ते कुशीवर वळले.

बरं वाटल्यावर ते काठी टेकत कोपऱ्यावरच्या चहाच्या टपरीवर जाऊन बसायला लागले. तिथं जुने फौजी जमतात. एक दिवस मामांनी ही गोष्ट त्यांना रंगवून सांगितली. एकानं मोबाइलवर शोधलं, खरं काय ते मोठ्यानं वाचलं, आणि सगळे हसले.

घरी येऊन मामा खुर्चीत बसले. मग म्हणाले, "सूनबाई, म्या माणसं मरताना बघितल्यात. मला खोटं कशापायी सांगितलंस?"

"तुमच्या छातीची काळजी वाटली, मामा."

"छातीला काय हुतंय? चार माणसांत मान खाली गेली माझी."

त्यांनी खरं पान वाचायला लावलं. मी ते शेवटपर्यंत वाचलं. ऐकून झाल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, "मारणारे त्याच्या वळखीचेच व्हते?"

"हो."

"मग त्यास्नी पुढं झोप लागली नसंल."

मला ते रागावलेले परवडले असते.

आता दुसरं पुस्तक चालू आहे. दुपारचं वाचनही मोडलेलं नाही. पण मध्येच ते मला थांबवतात. "हे पुस्तकात हाय न्हवं?" मी हो म्हणते, आणि ते खरंच असतं. तरी त्यांचा हात पुढं येतो. मी कागद त्यांच्या हातात देते. ते तो डोळ्यांजवळ नेतात, थोडा वेळ तसाच धरतात आणि परत देतात. त्यातलं एक अक्षरही त्यांना दिसत नाही.