यादीतली सव्विसावी ओळ

लेथवर काम करणाऱ्या माणसाला टोपणनाव पडायला फार दिवस लागत नाहीत. याला पहिल्याच आठवड्यात पडलं. शेजारच्या मशीनवरचा म्हातारा एखादा तुकडा मोजूनमापून घेऊन आला की हा नुसता डोळ्यानं बघून म्हणायचा, "सूतभर जास्त आहे." आणि मोजल्यावर तो खरोखरच जास्त निघायचा. म्हाताऱ्याला चीड यायची ती याचीच. तेव्हापासून कारखान्यात, गल्लीत आणि शेवटी घरातही त्याला सगळे सूतभर म्हणायला लागले. एक धाकटा भाऊ तेवढा अजून दादा म्हणतो.

शर्टाचं वरचं बटणसुद्धा लावणारा हा माणूस मोटरसायकलच्या नादी लागेल असं कुणाच्या स्वप्नातही आलं नसतं. पण वयाच्या तिसाव्या वर्षी त्यानं कुठूनशी एक मातीत पळवायची जुनी गाडी उचलून आणली. आणली म्हणजे काय, सांगाडा हातगाडीवर आणि बाकीची गाडी दोन पोत्यांत. आईनं दारातच कपाळाला हात लावला.

दोघा भावांनी मिळून आठ महिन्यांत ती उभी केली. मातीची उंच, खडबडीत टायरांची चाकं काढून रस्त्याची बुटकी, रुंद चाकं बसवली. पुढची ब्रेकची डिस्क ताटाएवढी घातली. त्या मोठ्या डिस्कला जुना ब्रेक पोचेना, तेव्हा मधली पट्टी सूतभरनं स्वतः कातून काढली. ती तीनदा केली आणि त्यातल्या दोन फेकून दिल्या. सीटचा फोम खरवडून खाली आणला, कारण धाकट्याचे पाय जमिनीला लागत नव्हते. शेवटी जे तयार झालं ते अंगानं हडकुळं, पायांनी लांब आणि आवाजानं कर्कश होतं. आई त्याला टोळ म्हणायची. पुढे सगळेच म्हणायला लागले.

गाडी एक आणि मालक दोन. धाकटा घरोघरी फिरून पाण्याचे मीटर वाचायचा, त्याला ती सोमवार ते शनिवार लागायची. त्यासाठी दिवा हवा, हॉर्न हवा, आरसे हवेत, नंबराची पाटी हवी, स्टँड हवा. रविवारी मात्र सूतभर ती शहराबाहेरच्या गो-कार्टच्या ट्रॅकवर हौशी लोकांच्या शर्यतीत पळवायचा. तिथं काच चालत नाही, लोंबणारं काही चालत नाही, स्टँड तर मुळीच नाही. म्हणून शनिवारी संध्याकाळी टोळाला उघडं करायचं आणि रविवारी संध्याकाळी पुन्हा कपडे घालायचे. "लहान पोरांचं सुद्धा एवढं करावं लागलं नाही मला," आई म्हणायची.

या कामाची एक यादी होती. बत्तीस ओळींची, धाकट्याच्या सुवाच्य अक्षरात, पुठ्ठ्यावर चिकटवलेली. रविवारी सगळं बसवून झालं की धाकटा उंबऱ्यावर बसून एकेक ओळ वाचायचा. सूतभरनं त्या त्या भागावर हात ठेवायचा आणि "झालं" म्हणायचं. नुसतं तोंडानं म्हटलेलं चालायचं नाही. हात लागल्याशिवाय पुढची ओळ वाचायची नाही, असा दोघांचा नियम होता.

यादीतली सव्विसावी ओळ होती, "स्टँडचा स्विच." स्टँड खाली असताना गिअर टाकला तर हा स्विच इंजिन बंद पाडतो. शर्यतीसाठी स्टँडच काढला की स्विच लटकत राहतो आणि गाडी चालूच होत नाही. म्हणून सूतभर सीटखाली दोन इंचांची निळी वायर घालून त्याला बगल द्यायचा. रविवारी ती वायर काढायची आणि स्विच पुन्हा जोडायचा.

तो स्विच खरं म्हणजे धाकट्यासाठीच होता. छत्री, डबा, चष्मा, काय वाटेल ते विसरायचा धाकटा. एकदा तर गाडी ऑफिसात ठेवून बसनं घरी आला आणि गाडी चोरीला गेली म्हणून गल्ली डोक्यावर घेतली. स्टँड वर करायला तर तो रोज विसरायचा. गिअर टाकला की टोळ फुस्स करून बंद पडायचा, धाकटा त्याला एक शिवी हासडायचा, स्टँड वर करायचा आणि हसत निघून जायचा. "दादा, तुझ्या टोळाला माझ्यापेक्षा जास्त अक्कल आहे," असं तो चारचौघांत सांगायचा. स्विच बसवला त्या दिवशी सूतभर म्हणाला होता, "तू विसर बिनधास्त. मी आहे ना."

हे वाक्य त्याला पुढे फार छळणार होतं.

तो रविवार सूतभरचा होता. दोन वर्षं सातव्या-आठव्या नंबरावर खितपत पडल्यावर त्या दिवशी तो तिसरा आला. बक्षीस म्हणून पाटीवर वेल्डिंग केलेलं एक जुनं चेनचं चक्र मिळालं. गल्लीतली माणसं ते बघायला जमली. शेजारच्या मशीनवरचा म्हातारासुद्धा आला आणि म्हणाला, "सूतभर कमी पडलास रे, नाहीतर दुसरा आला असतास." सगळे खो खो हसले. सूतभर हसत, बोलत, वळणं हातानं हवेत काढून दाखवत टोळाला कपडे घालत होता.

सगळं आवरल्यावर धाकटा पुठ्ठा घेऊन उंबऱ्यावर येऊन बसला. "दादा, वाचू का?"

"पाठ आहे मला ती," सूतभर म्हणाला. "तुझ्या बायकोला सातवा लागलाय. जा, तिच्याजवळ बस जरा."

ऐकणाऱ्याला वाटावं, काय मायेचा भाऊ! पण खरं सांगायचं तर त्याला त्या क्षणी भावजयीची काळजी वगैरे काही नव्हती. इतक्या लोकांसमोर, तिसरा आलेला माणूस, शाळेतल्या पोरासारखा एकेका भागावर हात ठेवून "झालं, झालं" म्हणणार, याची त्याला लाज वाटली. बस्स, एवढंच.

सोमवारी सकाळी धाकटा निघाला. नेहमीप्रमाणे स्टँड वर करायला विसरला. टोळ फुस्स झाला नाही. गल्लीच्या तोंडाशी डावीकडे वळताना गाडी कलली, स्टँड रस्त्याला टेकला, मागचं चाक उचललं गेलं आणि धाकटा गाडीसकट दगडी कठड्यावर जाऊन आदळला.

सूतभर कारखान्यातून धावत दवाखान्यात पोचला तेव्हा डॉक्टर सांगत होते की गुडघ्याच्या वाटीचे चार तुकडे झालेत, चालेल, पण पाय पुन्हा पूर्ण वाकायचा नाही. धाकटा पांढरा फटक पडला होता. दादाला बघून तो ओशाळं हसला. "स्टँड राहिला रे. माझाच गाढवपणा."

सूतभरला डोळ्यांसमोर तो पुठ्ठा दिसला, पुठ्ठ्यावरची सव्विसावी ओळ दिसली. संध्याकाळी तो कठड्याशी टेकवून ठेवलेल्या गाडीजवळ गेला, सीट काढली. निळी वायर जिथल्या तिथे होती. त्यानं ती ओढून काढली, स्विच जोडला आणि वायर खिशात टाकली. रस्त्यावर माणसं होती, पण मोडलेल्या गाडीशी खुडबुड करणाऱ्या तिच्या मालकाकडे कोण बघणार?

दोन दिवसांनी धाकट्यानंच विचारलं, "पण दादा, इंजिन बंद कसं नाही पडलं?"

तेव्हा सांगता आलं असतं. प्रश्न समोर आला होता, उत्तर खिशात होतं. सूतभर म्हणाला, "चिखल बसला की अडकतो कधीकधी स्विच. त्याच्यावर भरवसा ठेवायचा नसतो."

"बरोबर आहे," धाकटा म्हणाला. "आणि माझ्यावरही."

पुढे प्लास्टर निघेल तेव्हा सांगू, असं सूतभरनं ठरवलं. प्लास्टर निघालं, आणि त्याच आठवड्यात धाकट्याला मुलगी झाली. एवढ्या आनंदात विरजण कशाला, म्हणून ते राहिलं. मग बारसं झाल्यावर, मग आईचं ऑपरेशन झाल्यावर, मग आई गेल्यावर. न सांगायला कारण हवं असलं की ते रोज नवं सापडतं, आणि या माणसाला तर सूतभरसुद्धा कमी न पडणारी कारणं सापडत होती.

त्यानं शर्यत सोडली, टोळावर ताडपत्री टाकली. "भावासाठी शौक सोडला हो, असे भाऊ आता कुठे मिळतात," असं गल्ली म्हणू लागली. सूतभरनं तेही मुकाट्यानं ऐकून घेतलं. ते कौतुक त्याला कारखान्यातल्या कुठल्याही शिवीपेक्षा जास्त लागायचं.

धाकट्याला ऑफिसात खिडकीवर बसायचं काम मिळालं. ताठ पायानं तो चालायला शिकला, त्यावर विनोदही करायचा. पण त्याच्या आत काहीतरी कायमचं हललं होतं. पूर्वी विसरून हसणारा माणूस आता विसरण्याच्या धास्तीत जगायला लागला. कुलूप लावलं की तीनदा ओढून बघायचा आणि कोपऱ्यावरून परत यायचा. गॅसचं बटण बायकोनं बंद केलेलं असलं तरी पुन्हा बघायचा. चाव्या, कागद, औषधं सगळं तिच्या ताब्यात दिलं. "मी बेभरवशाचा माणूस," हे त्याचं पालुपद झालं. गाडीला तर त्यानं पुन्हा हात लावला नाही. पोर लहान होती तेव्हा तिला तो बसूनच मांडीवर घ्यायचा, तेही दोन्ही बाजूंना उशा लावून. सगळ्यांना वाटायचं, पायामुळे.

अशी दहा वर्षं गेली.

सूतभरचं लग्न राहून गेलं होतं. तो गल्लीतल्याच एका वर्कशॉपच्या वरच्या खोलीत एकटा राहायचा. शनिवारी दुपारी पुतणी यायची, त्याच्याकडे गणितं सोडवायची. मापांच्या गणितात मोठेकाका एकदम पक्के, असं तिचं मत होतं. त्या शनिवारी तिनं वही उघडली आणि सूतभरला तिचा डावा तळहात दिसला. निळ्या पेननं त्यावर बारीक अक्षरात लिहिलं होतं: चावी, डबा, नळ, कंपास, खिडकी.

"हे काय गं?"

"यादी. मी विसरते ना." तिनं हे अगदी सहज सांगितलं. "परवा कंपास शाळेत राहिला. बाबा म्हणाले, माझ्यावर गेलीस. आमच्या दोघांवर भरवसा नाही ठेवता येत, काका."

तिचं अक्षर हुबेहूब बापासारखं होतं. दहा वर्षं सूतभरला वाटत होतं की आपण एक गुडघा मोडला आणि एक खोटं बोललो, आणि त्याची शिक्षा आपली आपण भोगतोय. ती शिक्षा दुसरंच कुणी भोगत होतं. आणि आता ती या पोरीच्या हातावर आली होती. त्याला स्वतःची किळस आली.

तासाभरानं धाकटा तिला न्यायला आला. कठडा धरून एकेक पायरी चढत, ताठ पाय मागून ओढत. सूतभरनं पोरीला खाली अंगणात पाठवलं. मग फडताळातून स्क्रूंचा डबा काढला, तळातून ती निळी वायर काढली आणि टेबलावर ठेवली.

धाकट्यानं आधी दादाकडे पाहिलं, मग वायरकडे. आठ महिने गाडी बांधली होती त्यानं. त्याला ओळख पटवून द्यावी लागली नाही.

"ही कुठे होती?" त्यानं हळूच विचारलं.

"त्या सोमवारी... गाडीतच होती. मी काढायची विसरलो. यादी वाचू दिली नाही तुला. नंतर गुपचूप काढली. चिखलबिखल काही नव्हता." सूतभरनं वायर त्याच्याकडे सरकवली. "तुझी काही चूक नव्हती रे. तू नेहमीसारखा विसरलास, तेवढंच. तेवढं तर मी तुला चालेल म्हणून सांगितलं होतं."

धाकटा खुर्चीत बसला. त्यानं वायर उचलली, बोटाला गुंडाळली, सोडली. तो ओरडेल, निदान डबा तरी भिरकावेल, असं सूतभरला वाटत होतं. त्यानं तसं केलं असतं तर बरं झालं असतं.

"काहीतरी बोल," सूतभर म्हणाला. "शिव्या दे. मार मला."

"पायाचं काही नाही, दादा," धाकटा म्हणाला. "पाय काय, गेला. पण ही झाली ना, तेव्हा बायको म्हणायची, घ्या की कडेवर, जरा खाली फिरवून आणा. मी कधी घेतली नाही. लोकांना वाटायचं, पाय दुखतो. पाय नव्हता दुखत. मला वाटायचं, जिन्यात माझं लक्ष जाईल कुठेतरी आणि मी विसरेन, हातात पोर आहे ते."

खालून मुलीनं हाक मारली, "बाबा, चला ना!"

"आलो," धाकटा म्हणाला. तो टेबलाला धरून उठला. सूतभरनं हात पुढे केला, तो त्यानं घेतला नाही. वायर त्यानं शर्टाच्या खिशात घातली.

दारात तो थांबला, पण मागे वळला नाही. "एकदाही नाही रे घेतली, दादा. आणि आता ती माझ्या खांद्याला लागते."

मग तो एकेक पायरी उतरत खाली गेला. नळाशी उभं राहून त्यानं मुलीचा डावा हात हातात घेतला आणि पाण्याखाली धरून अंगठ्यानं घासायला लागला. शाई पक्की होती. सूतभर वरच्या खिडकीत उभा राहून बघत होता. शाई जाईपर्यंत धाकटा घासत राहिला.